आर्विद काय म्हणतो

व्हर्जिनियातल्या ॲशबर्न गावच्या कोणाही माणसाला आमच्या पेनरोजमध्ये दोन महिने एका पेस्टीवर एक पेस्टी फुकट होती. ती घ्यायला एकही माणूस आला नाही. या सगळ्याला मी जबाबदार आहे आणि गावात मला अजून त्यावरून चिडवतात. चिडवोत बापडे. कोणी कोणी चिडवलं ते माझ्या लक्षात आहे.

मी मार्लिस साल्मेला. पेनरोजच्या वाचनालयात बसते आणि गावाची वेबसाइट सांभाळते. इथली तांब्याची खाण बंद पडून जमाना झाला. आता उरलीत चारशे एकसष्ट माणसं, एक लुथरन चर्च, डेल ट्रेव्हारोचं पेस्टीचं, म्हणजे मांस-बटाटा भरून भाजलेल्या मोठ्या करंज्यांचं, दुकान आणि बर्फ. सुपीरियर सरोवरावरून वारा सुटला की नोव्हेंबर ते एप्रिल आम्ही बर्फ उपसतो, बर्फाला शिव्या देतो, आणि शेजारच्या गावात आमच्यापेक्षा जास्त पडला असं कोणी म्हटलं की भांडायला उठतो.

वेबसाइटवर सगळ्यात वर असतो तो माझ्या थोरल्या भावाचा आकडा. आर्विद एकोणऐंशी वर्षांचा. चाळीस वर्षं त्याने रस्त्यावरचा बर्फ काढायचा सरकारी ट्रक चालवला, आणि गेली एकतीस वर्षं तो रोज सकाळी सहाला परसात रोवलेल्या काठीवर बर्फ मोजतो. त्याची रीत ठरलेली. गुडघे टेकायचे, गाल बर्फाला लागेल इतकं वाकायचं आणि डोळा रेषेच्या सरळीत आणून आकडा वाचायचा. उभ्याने वरून वाचलं की अर्धा इंच चुकतो, असं तो म्हणतो. आई गेली त्या दिवशीसुद्धा तो सहाला परसात होता. मला तेव्हा राग आला होता, आता येत नाही.

पूर्वी हा आकडा डेलच्या दुकानाबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिलेला असायचा. आठ वर्षांपूर्वी मी तो वेबसाइटवर टाकायला लागले. सव्वासहाला आर्विदचा फोन येतो, तो सांगतो आणि मी शब्दही न बदलता टाइप करते. ‘२९ इंच. ओढ्यावरचा पूल निसरडा झालाय, स्नोमोबिल हळू चालवा. — आर्विद.’ कधी कधी असंही: ‘२२ इंच, पण काल पाऊस झाला. वाटा खराब. या शनिवारी येऊ नका. — आर्विद.’

हे ‘येऊ नका’ डेलला बोचायचं. डेल आमच्या गावसमितीचा अध्यक्ष, आणि स्नोमोबिल, म्हणजे बर्फावर पळणाऱ्या गाड्या, घेऊन येणाऱ्या लोकांवर त्याचं दुकान चालतं.

“दारात उभा राहून गिऱ्हाइकाला ‘परत जा’ म्हणणारा दुकानदार कधी बघितलायस का?” तो आर्विदला म्हणायचा.

“मी दुकानदार नाही,” आर्विद म्हणायचा. “आणि तुझ्या पेस्टीत सलगम कमी असतं तेव्हा मी गप्प बसतोच ना.”

गेल्या नोव्हेंबरात डेल वाचनालयात आला, टोपीवरचा बर्फ माझ्या टेबलावर झटकला आणि म्हणाला, “मार्लिस, आपली वेबसाइट बघतं तरी कोण? कुठून येतात लोक? काउंटीच्या पर्यटनवाल्यांना आकडे हवेत.”

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. पण मला भारी हौस. मी वेबसाइटला मोजणीचं साधन जोडलं. कोणत्या गावातून किती लोक आले, किती वाजता आले, कोणत्या दाराने आले, म्हणजे शोधत शोधत आले, की दुसऱ्या कुठल्या वेबसाइटवरून आले, की सरळ आपला पत्ता टाइप करून आले, हे सगळं ते साधन मांडून देतं. पंधरा दिवसांनी यादी उघडली तर सगळ्यात वर ॲशबर्न, व्हर्जिनिया. अकराशे चाळीस भेटी. आमच्या गावाच्या अडीचपट माणसं एवढ्या लांबून आमचं पान उघडत होती.

त्या शुक्रवारी चर्चच्या तळघरात माशाचं जेवण होतं. मी ताट हातात घेऊन उभी राहिले आणि सगळ्यांना सांगितलं. अभिमानाने माझा आवाज जरा चढलाच होता. मग काय, जो तो अक्कल चालवू लागला. कोणी म्हणालं, खाण बंद झाल्यावर आपली माणसं तिकडे गेली असणार. कोणी म्हणालं, नौदलातले निवृत्त लोक असतील, त्यांना थंडीची आठवण येत असेल. डेलने दुसऱ्याच दिवशी दुकानाच्या काचेवर कागद लावला: ‘ॲशबर्नकरांचे स्वागत. एका पेस्टीवर एक फुकट.’

आणि आर्विद. आर्विदच्या बायकोला, हिल्डाला जाऊन सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून तो कमी बोलायचा. पण दुसऱ्या सकाळी फोनवर म्हणाला, “लिही. सुप्रभात, ॲशबर्न. आज सव्वीस इंच.” मग ते रोजचंच झालं. व्हर्जिनियाच्या लोकांना काय कळणार म्हणून तो समजावून सांगायला लागला. बर्फाखाली पाणी साचलं की ते वरून दिसत नाही. छपरावरचा बर्फ खालून वर नाही, वरून खाली ओढायचा. एकदा त्याने हिल्डाच्या निसूची, म्हणजे वेलचीच्या गोड पावाची, कृतीसुद्धा सांगितली, वेलची खलबत्त्यात कुटायची, आयती पूड आणायची नाही म्हणून. हिल्डाचं नाव मी सहा वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून ऐकत होते. मी टाइप करत होते आणि माझे डोळे भरून येत होते.

फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी पर्यटनवाल्यांनी नेमलेल्या कंपनीची मुलगी ग्रँड रॅपिड्सहून गावसमितीच्या बैठकीला आली. ब्रिन व्हँडरमीर तिचं नाव. तिशीची असेल, शहरी बूट घालून आलेली, पण बोलायला गोड. तिचं म्हणणं असं की आसपासच्या सगळ्या लहान गावांच्या वेबसाइट एकसारख्या करायच्या. वर मोठे फोटो, बर्फाचा आकडा यंत्राने काढलेल्या अंदाजाचा, आणि ‘येऊ नका’ वगैरे काही नाही. आर्विदचं पान बंद. गावाने मार्चच्या बैठकीत हो की नाही ते सांगायचं.

मी म्हटलं, “आमच्या पानाला ॲशबर्नमध्ये अकराशे वाचक आहेत.”

तिने माझी यादी बघितली. मग माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जी दया आली ती मला अजून सहन होत नाही.

“मार्लिसबाई,” ती म्हणाली, “ॲशबर्नमध्ये कॉम्प्युटरांनी भरलेल्या मोठमोठ्या इमारती आहेत. तिथली यंत्रं जगातलं प्रत्येक पान उघडून बघतात आणि पुढे जातात. ती माणसं नाहीत. सगळ्यांचीच ही चूक होते.”

मग डेल म्हणाला, “म्हणजे मी दोन महिने कॉम्प्युटरला पेस्टी देऊ करत होतो,” आणि सभागृह हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. ब्रिनने उरलेली यादीही वाचून दाखवली. ‘सरळ आलेले’ हा गठ्ठा सगळ्यात मोठा. ते कुठून कळून येतात ते साधनाला समजत नाही, बहुधा गावातलेच असतील, असं ती म्हणाली. थोडक्यात, बाहेरचं कोणी आमचं पान वाचत नव्हतं.

आर्विद मागच्या बाकावर होता. तो हसला नाही. त्याने लोकरीची टोपी कानांवर ओढली आणि हळूच दार लावून गेला. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. हात दाखवून अवलक्षण करायची सवयच मला, आणि या वेळी हात माझा होता पण अवलक्षण त्याच्या वाट्याला आलं होतं.

दुसऱ्या सकाळी सव्वासहाला फोन आला. “अठ्ठावीस,” तो म्हणाला.

“आणखी काही लिहू?”

“यंत्रांना काय सांगायचंय.” मग म्हणाला, “मार्चपर्यंत मोजतो. पुढे त्या पोरीचं यंत्र करेल अंदाज. तशीही माझी गुडघ्याची वाटी दुखते.”

त्याच्या गुडघ्याची वाटी तीस वर्षं दुखतेय. बर्फ मोजायचं थांबवलं तर सकाळी सहाला हा माणूस कशासाठी उठेल, हा विचार माझ्या मनातून जाईना. आणि खरं सांगायचं तर मला रागही आला होता. त्या पोरीचा नाही, ती बरोबर होती. माझा स्वतःचा.

वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून अकरा वर्षं मी पेनरोजच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम केलंय. समोर दिव्यांची फळी असायची. कुठला दिवा लागला यावरून घर कळायचं, पण कोण आणि कशासाठी ते कळायचं वेळेवरून. रविवारी सातला ह्यूहतालाबाईंचा दिवा लागला की डेट्रॉइटचा मुलगा. मंगळवारी भर दुपारी लागला की डॉक्टर. किती दिवे लागले हे कोणी मोजत नसे, कधी लागतात ते बघायचं. एवढी वर्षं हे काम केलेली बाई मी, आणि कॉम्प्युटरसमोर बसल्यावर नुसती बेरीज बघून नाचले.

मी यादी पुन्हा काढली. आधी यंत्रं वेगळी केली. ते सोपं निघालं. यंत्र अहोरात्र येतं, पापणी लवायच्या आत जातं, आणि त्याला सोमवार काय नि शनिवार काय, सगळे सारखेच. माणसाला आठवडा असतो. ज्यांना आठवडा होता तेवढे मी ठेवले. अकराशेचा डोंगर गेला आणि साडेतीनशेच्या आसपास उरले. मग तेवढ्यांचा दिवस आणि तास मोठ्या चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने मांडला. वाचनालयात कोणी आलं की त्यावर वर्तमानपत्र टाकायची.

चित्र हळूहळू दिसायला लागलं. गुरुवारी संध्याकाळी जेवणाच्या सुमारास दिवे लागत होते. ग्रीन बे, ॲपलटन, ऑशकॉश, वॉसॉ. सगळी विस्कॉन्सिनमधली गावं, आमच्यापासून चार-पाच तासांवरची. आणि तीच तीच माणसं दर गुरुवारी. शुक्रवारी दुपारनंतर दिवे सरकू लागत. चारला क्रिव्हिट्झ, पाचच्या आसपास आयर्न माउंटन, साडेपाचला क्रिस्टल फॉल्स. मोबाइलचं ठिकाण दर वेळी खरं असतंच असं नाही, आमच्याच गावचे फोन यादीत मार्क्वेटचे म्हणून दिसतात. पण एका रांगेत लागलेले दिवे मला कळतात. ते रस्त्यावरचे दिवे होते. कोणी तरी गाडीमागे स्नोमोबिल बांधून हमरस्त्याने वर वर येत होतं, आणि वाटेत थांबून आर्विदचं पान उघडत होतं.

ज्या गुरुवारी आर्विदने ‘येऊ नका’ लिहिलं होतं, त्याच्या दुसऱ्या दिवशी क्रिस्टल फॉल्सच्या रकान्यात भोपळा होता.

मी चष्मा काढून पुसला. पुन्हा बघितलं, तरी भोपळाच.

पण एक गोष्ट मला समजेना. ही सगळी माणसं ‘सरळ आलेली’ होती. आमच्या वेबसाइटचा पत्ता लांबलचक आणि अवघड आहे, तो असा सहज कोणाला सुचायचा नाही. मग यांना तो मिळाला कुठून? आणि ब्रिनने मार्चच्या बैठकीत हेच विचारलं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. एकदा तोंडावर आपटलेली मी, आता खात्री केल्याशिवाय बोलायचं नाही असा कानाला खडा लावला होता. एक्स्चेंजमध्ये एखाद्या तारेचं गौडबंगाल सुटलं नाही की तारेच्या मागोमाग चालत जायचं, एवढंच मला माहीत होतं.

पुढच्या शुक्रवारी जेवण उरकल्यावर मी आर्विदच्या दारात गाडी उभी केली.

“चल. क्रिस्टल फॉल्सला जाऊ या.”

“तिथे काय आहे?”

“तुझे वाचक.”

“यंत्रं बघायला दोन तास गाडीत बसू?”

“तुला घरात काय काम आहे? बस गाडीत. आणि ती टोपी नीट घाल, गोंडा डोळ्यावर येतोय.”

वाटेत त्याने तीन वाक्यं उच्चारली आणि तिन्ही माझ्या गाडी चालवण्याबद्दल होती. पाचच्या सुमाराला आम्ही गावाच्या तोंडाशी असलेल्या पेट्रोल पंपावर पोचलो. बाहेर स्नोमोबिल लादलेल्या गाड्यांची रांग लागली होती, सगळ्यांच्या नंबरपाट्या विस्कॉन्सिनच्या. आत कॉफीच्या यंत्रापाशी गर्दी. आर्विद कॉफी घ्यायला गेला, आणि मी भिंतीकडे बघितलं.

यंत्राच्या वर एक पांढरा फळा टांगलेला होता. त्यावर निळ्या शाईने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘आर्विद: ३१.’ खाली आमच्या वेबसाइटचा अख्खा पत्ता, एकेक अक्षर सुटं सुटं काढलेला.

मी आर्विदच्या बाहीला हात लावणार, तेवढ्यात दार उघडून एक धिप्पाड माणूस आत आला. दाढीवर बर्फ, हातमोजे दातांनी ओढून काढत त्याने गल्ल्यावरच्या बाईला विचारलं, “काय गं जोलीन, आर्विद काय म्हणतो?”

“एकतीस,” ती मान वर न करता म्हणाली. “पण हल्ली नुसता आकडाच टाकतो म्हातारा. काय झालंय त्याला कोण जाणे. तब्येत बरी नसेल.”

“असं नको म्हणू. पूल कसा आहे ते काहीच नाही लिहिलं?”

“तीन आठवडे झाले, काही नाही. मध्ये ती पावाची कृती टाकली होती ना, ती माझ्या बहिणीने केली. छान झाला.”

आर्विद कॉफीचा पेला हातात धरून उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. तो त्या दाढीवाल्याकडे वळला आणि आपल्या जाड आवाजात म्हणाला, “तो आर्विद खरं लिहितो कशावरून? घरात बसून लिहीत असेल मनाला येईल तो आकडा.”

दाढीवाल्याने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “आजोबा, तुम्ही कुठले ते मला माहीत नाही. पण आम्ही ॲपलटनचे आठ जण नऊ वर्षं वर जातोय. दोन वर्षांपूर्वी सगळी गावं म्हणत होती, या, या, बर्फच बर्फ. एकट्या त्याने लिहिलं, येऊ नका, ओढा उघडा पडलाय. आम्ही नाही गेलो. त्या शनिवारी दुसऱ्या एका टोळीची गाडी पाण्यात गेली. माणसं वाचली, नशीब. बाकीचे सगळे बर्फ विकतात आजोबा. तो मोजतो.” मग जरा आवाज खाली आणून, “तुम्ही वर पेनरोजला जात असाल तर तिथे असं काही बोलू नका. बरं नाही दिसणार.”

“नाही बोलणार,” आर्विद म्हणाला.

माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं, अरे, हाच तो. आर्विदने माझ्या पायावर बूट ठेवला. चांगला जोरात ठेवला. मी गप्प बसले, पण माझी मान अशी ताठ झाली होती की जोलीनने मला विचारलं, बाई, मान अवघडलीय का.

गाडीत बसल्यावर त्याने तोंड खिडकीकडे फिरवलं. वाटेतलं कोव्हिंग्टन गाव मागे पडलं. मला वाटलं रडतो की काय, पण साल्मेलांच्यात गाडीत बसून रडायची रीत नाही. मग तो एकदम म्हणाला, “एकतीस नव्हते.”

“काय?”

“आज सकाळी. एकतीस नसतील. त्या बैठकीपासून मी उभ्यानेच वाचतोय. म्हटलं, यंत्रांसाठी कशाला गुडघे टेकायचे. तीन आठवडे उभ्याने वाचलंय मार्लिस.” त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. “आणि पुलावर गेलोच नाही बघायला. ते आठ जण उद्या पुलावरून जातील.”

“मग?”

“मग काय मग. जरा जोरात चालव.”

एवढी वर्षं हळू चालव, हळू चालव म्हणून माझं डोकं खाणारा हा माणूस. मी गाडी दामटली. सात वाजता तो मोठा टॉर्च घेऊन पुलावर होता आणि मी त्याच्या मागे, चर्चला घालायच्या बुटांत. त्याने पूल टाचेने ठोकून बघितला, कठड्याजवळचा बर्फ काठीने टोचून बघितला. मग परसात येऊन, एकोणऐंशी वर्षांचा तो, काठीसमोर गुडघ्यांवर बसला आणि गाल बर्फाला लावला.

“साडेतीस,” तो म्हणाला. “लिही. साडेतीस. सकाळचा आकडा चुकला, माफ करा. पूल चांगला आहे पण उजव्या अंगाने जाऊ नका, तिथे खालून पोकळ झालाय. आणि क्रिस्टल फॉल्सच्या जोलीनला सांगा, तब्येत बरी आहे.”

मी तिथेच उभी राहून थंडीने बधिर झालेल्या बोटांनी फोनवर टाइप केलं. पाव तासात फोनवरच्या यादीत एकामागून एक दिवे लागले. वेळ ना गुरुवारची ना शुक्रवारची ठरलेली, तरीही. एकेक दिवा आता मला ओळखीचा वाटत होता.

मार्चच्या पहिल्या सोमवारी सभागृह भरलं होतं. मी पुन्हा एकदा पडते की काय ते बघायलाच बरेच जण आले असावेत. मी माझे चौकटीचे कागद भिंतीवर चिकटवले आणि पहिल्यांदा ॲशबर्नवर लाल काट मारली, म्हणजे ज्यांना हसायचं होतं त्यांचं हसून झालं. मग गुरुवार दाखवला. मग रस्ता दाखवला, गावामागून गाव, तासामागून तास. मग तो भोपळा. जोलीनच्या फळ्याचा फोटो मी शेवटी लावला.

“सरळ आलेले म्हणजे गावातले नव्हेत,” मी म्हटलं. “हे लोक एकमेकांकडून ऐकून आलेत. ते ज्या दाराने येतात ते दार कॉम्प्युटरला दिसत नाही, कारण ते पेट्रोल पंपावर आहे.”

डेलने हाताची घडी घातली. “पण ‘येऊ नका’ म्हटल्यावर आले नाहीत, हे तर तूच दाखवतेयस. नुकसान माझं झालं.”

“डेल, पावसाच्या शनिवारी तुझ्या पेस्ट्या उरल्या?”

“उरल्या. आठवडाभर आम्ही घरी त्याच खाल्ल्या.”

“आणि त्याच्या पुढच्या शनिवारी किती वाजता संपल्या?”

डेल छताकडे बघत राहिला. “साडेअकराला,” तो म्हणाला. “दोनदा लाटायला लागल्या.”

ब्रिन उठून कागदांपाशी आली होती. आज तिच्या पायांत चांगले दणकट बूट होते. तिने बोटाने एकेक रांग चाळली, आपल्या कॉम्प्युटरवर काही तरी पडताळून बघितलं, आणि वेळ घेऊन म्हणाली, “मी चौदा गावांचं काम बघते. पुन्हा पुन्हा येणारे इतके लोक मला एकाही गावात दिसले नाहीत. मार्लिसबाई, हे तुम्ही पेन्सिलीने काढलंत?”

“आमच्या वेळी फळी होती,” मी म्हटलं. जास्त काही बोलले नाही. माझ्यासारखीला ते किती जड गेलं असेल, ते मला ओळखणारे समजू शकतील.

“मोठे फोटो खाली टाकता येतील,” ब्रिन डेलला म्हणाली. “वर मी हात लावणार नाही. लावला तर मूर्ख ठरेन.”

डेलने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि समितीकडे बघितलं. तेवीस वर्षं तो फळा त्याच्याच दुकानाबाहेर होता, आणि त्याखालून जाताना त्याने कधी मान वर केली नव्हती, हे त्याला त्या घटकेला कळत असावं. कारण तो खुर्चीत मागे वळला आणि अगदी साध्या आवाजात, त्या दाढीवाल्याने विचारलं होतं तसंच, विचारलं, “आर्विद काय म्हणतो?”

सगळं सभागृह मागच्या बाकाकडे वळलं. आर्विद उठून उभा राहिला. त्याला उभं राहायला हल्ली जरा वेळ लागतो.

“मी आत्ता काय सांगणार,” तो म्हणाला. “सकाळी सहाला बघून सांगतो.”

मतं मोजायची वेळच आली नाही. डेलने नुसता हात हलवला आणि सेक्रेटरीला लिहायला सांगितलं की पान आहे तसंच राहील. मी भिंतीवरचे कागद काढत होते, पण चिकटपट्टी निघता निघेना, कारण मला समोरचं नीट दिसत नव्हतं.

दुसऱ्या सकाळी सव्वासहाला फोन वाजला. आकडा तेहेतीस. पूल ठीक. आणि वर त्याने मला एक ओळ घालायला लावली: सुप्रभात ॲपलटन, ग्रीन बे, ऑशकॉश, वॉसॉ, क्रिस्टल फॉल्स, आणि ॲशबर्न.

“अरे, ॲशबर्न कशाला आता?” मी विचारलं.

“असू दे,” तो म्हणाला. त्याला धाप लागली होती, म्हणजे आत्ताच गुडघ्यांवरून उठला होता. “बिचारी रोज येतात.”